सातव्या वाफ्यातली चिवटी

१

"मेली गं," आत्या म्हणाली आणि वाफ्याच्या कडेला मातीतच मटकन बसली.

हातातली आत्याची बॅग तिथेच टाकून शिट्टी धावली आणि पाहते तर काय, सातवा वाफा अख्खाच्या अख्खा वाळून कोळ! शेजारचा सहावा थोडा मलूल होता, आठवा थोडा पिवळट, पण जिवंत होते बिचारे. सातवा मात्र झाडूच्या काड्यांसारखा. हात फिरवला तर नुसता खरखर आवाज.

थांबा, आधी माणसं सांगून घेतो, नाहीतर सगळा गोंधळ होईल.

आत्या म्हणजे शिट्टीची सख्खी आत्या. आयुष्यभर एकच काम केलं हिनं, मैदानासाठी गवत तयार करायचं. म्हणजे दोन जातींचा संकर करायचा, हजार रोपांतून एक निवडायचं, ते तुडवायचं, तहानेनं मारायचं, आणि तरी जे उभं राहील त्याला कुरवाळायचं. असं करत करत तिनं एक जात काढली होती. आत्या तिला चिवटी म्हणायची. "हाताखाली दाबून बघ," ती कौतुकानं सांगायची, "रागावलेल्या मांजरीसारखी पाठ वर करते की नाही?"

आणि शिट्टी म्हणजे तिची भाची. फुटबॉलची पंच. खरं नाव घरातसुद्धा कुणी घ्यायचं नाही, कारण लहानपणी भावंडांच्या भांडणातही ही मधे शिरून शिट्टी वाजवायची.

तर प्रकरण असं होतं. शहरातल्या सगळ्या मैदानांवर एकच नवी, दणकट जात लावायची, असं ठरलं होतं. क्रीडासंकुलाच्या मागे वाफे पाडले, वेगवेगळ्या जाती लावल्या, आणि शुक्रवारी निवड समिती येऊन गुण देणार होती. नियम एकच होता, गुण वाफ्याला. वाफ्यात जे दिसेल ते खरं, तोंडी कौतुक चालणार नाही. त्यात शेवटची परीक्षा तहानेची. म्हणून सगळ्या वाफ्यांचे नळ बंद करून ठेवले होते. आत्या मधले काही आठवडे लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, आज मंगळवारी परतली. स्टेशनवरून घरी चला म्हटलं तर, "नातीला बघून झालं, आता चिवटीला बघते," म्हणून थेट इथे आली.

आणि इथे हे असं.

"बाई, मनापासून वाईट वाटतं हो," मागून गोड आवाज आला. अत्तराचा वास आधी आला आणि मग मखमलशेठ आला. हा बियाणेवाला. 'मखमल' नावाची परदेशी जात विकायचा, नववा वाफा त्याचाच. "पण गवत आहे शेवटी. तहान नाही सोसली बिचारीला. बाकी सगळ्या जगल्या, हिचंच असं झालं."

"हिला कुणीतरी विष घातलंय!" शिट्टी कडाडली.

"घाला बापडे आरोप," शेठ हसला. "शुक्रवारी समिती विचारेल, तहानेत कोण मेलं? सातवा वाफा. संपलं."

आत्या वाळलेल्या गवतावर नुसती हात फिरवत राहिली. शिट्टीला ते बघवेना. तिनं मनाशी ठरवून टाकलं, शुक्रवारच्या आत हा खुनी मी शोधते. शोधतेच!

२

पण विष कुठेय?

शिट्टी गुडघ्यांवर बसून वाफा बघायला लागली. मधेच एक तण दिसलं. नखाएवढ्या पानांचं, जमिनीला चिकटून पसरलेलं, हिरवंगार! पलीकडे मुंग्यांचं वारूळ जोरात चालू. गवताची काडी न् काडी मारणारं विष, आणि तण खुशाल? मुंग्या खुशाल? छे.

"आत्या, विष नाहीये."

"तेच तर," आत्या म्हणाली. "म्हणजे शेठ खरं बोलतोय. माझीच चिवटी कच्ची निघाली. शिट्टे, एवढी वर्षं मी लोकांना काय सांगत होते गं?"

आता एक लक्षात घ्या. शिट्टीची सगळी अक्कल पंचगिरीतली होती. आणि पंचाला सगळ्यात आधी काय शिकावं लागतं माहितीये? खोटं लागणं ओळखायला. धक्का लागतो खांद्याला आणि गडी लोळतो पाय धरून! ज्याला खरंच लागतं तो गप्प पडतो, हलत नाही. नाटकी गडी मात्र सैलसर असतो, चटकन उचलता येतो.

आणि हा वाफा तिला सैल वाटत होता. का ते सांगता येईना, पण हात टेकला की गवत जमिनीवर सरकल्यासारखं व्हायचं.

तिनं कोपऱ्यातलं मूठभर वाळकं गवत पकडलं आणि ओढलं. गवत तुटलं नाही. मातीसकट, जाडच्या जाड, सतरंजी गुंडाळावी तसा वाफ्याचा कोपराच वर आला!

"आत्या! चिवटीची मुळं किती खोल जातात?"

"कोपरापर्यंत. उपटायला गेलीस तर खांदा निखळेल तुझा." आत्या उठून आली. तिनं ती सतरंजी उलटी केली, खालची तुटपुंजी, पांढुरकी मुळं पाहिली. मग एक वाळकं पान नखानं उभं चिरून डोळ्यांजवळ नेलं. आणि तिचा चेहरा असा काही बदलला की शिट्टी घाबरलीच.

"शिट्टे," आत्या कुजबुजली, "ही चिवटी नाहीच!"

३

म्हणजे खून झालाच नव्हता, अपहरण झालं होतं!

आत्याच्या अंगात एकदम वीज आली. सतरंजी उचलली तर खालची माती सपाट कापलेली, आणि त्यात चिवटीच्या जाड मुळांची टोकं सुऱ्यानं छाटल्यासारखी. कुणीतरी चिवटीचा थर चार बोटं जाड कापून सोलून नेला होता आणि तिच्या जागी साधं मैदानी गवत अंथरलं होतं. नव्यानं अंथरलेल्या गवताला रोज पाणी लागतं, मुळं धरेपर्यंत. इथे नळ बंद. मग काय होणार? चार दिवस हिरवं दिसलं असेल आणि मग तडफडून मेलं. चिवटीच्या नावावर!

"मी इथे असते तर पहिल्याच दिवशी ओळखलं असतं," आत्या दात ओठ खात म्हणाली. "बाकीच्यांना काय, हिरवं ते हिरवं."

"म्हणूनच तू गेल्यावर नेली. आत्या, ही मेलेली सगळी सतरंजी काढून ठेवू या. पुरावा आहे."

दोघींनी मिळून ती फरफटत कडेला आणली. वाफा उघडाबोडका झाला. सुकी, तापलेली माती आणि छाटलेली मुळं.

मग शिट्टी गेली थेट शेठकडे. त्याचं दुकान मुख्य रस्त्यावर होतं, काचेच्या बरण्यांत बियाणं, भिंतीवर हिरव्यागार मैदानांचे फोटो, टेबलावर बोटाएवढं गवत उगवलेली एक चिनी मातीची बशी.

"शेठ, चिवटी कुठेय?"

"स्वर्गात," शेठ म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून सरळ बसला. "ऐक पोरी. मला ती मेलेली हवी होती, खोटं कशाला बोलू? पण मारायला हात कशाला घाण करू? माझी मखमल जिंकणारच आहे. परवाच्या फायनलला येतेयस ना? स्टेडियमच्या घड्याळाकडच्या गोलात मखमल फुकट अंथरून दिलीय मी. तिथल्या माळीमामांनी नको नको म्हणत घेतली. टीव्हीवर दिसेल सगळ्यांना."

"आणि चिवटीची जात तुम्हाला मिळाली तर?"

"मिळवायची असती तर खिशातून मूठभर काड्या आणल्या असत्या," शेठनं खांदे उडवले. "काडीची एक गाठ मातीत खोचली की वर्षात मैदान भरतं. अख्खा गालिचा पाठीवर घेऊन कोण पळेल? मी काय हमाल आहे?"

शिट्टी दुकानाच्या पायरीवर थबकली. माणूस बोलला होता दुष्टपणानं, पण बोलला होता बरोबर. जात चोरायला मूठभर पुरते.

मग ज्यानं नेली, त्याला अख्खा गालिचाच कशाला हवा होता?

४

मामांची खोली स्टेडियमच्या पायऱ्यांखाली होती. तेलाचा, ओल्या मातीचा आणि पांढऱ्या रंगाचा वास. भिंतीला गवत कापायची यंत्रं, कुदळी, चंद्रकोरीसारखी धारदार फावडी, सगळं पुसून लख्ख. एका कोपऱ्यात फक्त जमिनीवर तेलाचा मोठा डाग, वर काहीच नाही.

मामा म्हणजे मैदानमामा. स्टेडियमचे मुख्य माळी, खेळाडूंपासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांचे मामा. परवाची फायनल म्हणजे त्यांचा शेवटचा सामना, मग निवृत्ती. आणि आत्याशी त्यांचं हाडवैर! चिवटीला ते 'खराटा' म्हणायचे. आत्या त्यांच्या मैदानाला 'नटवी' म्हणायची. चाचणी सुरू झाली तेव्हापासून मामा तिकडे फिरकले नव्हते, समितीची एकही बैठक त्यांनी पाहिली नव्हती. "त्या बाईच्या वाफ्यांवर माझी सावलीसुद्धा पडणार नाही," असं जाहीर करून बसले होते.

"या पंचबाई," मामा म्हणाले. "फायनलला मैदान कसं आहे बघायला आलात?"

"चिवटी मेली मामा," शिट्टी मुद्दामच म्हणाली, त्यांचा चेहरा बघायला.

मामांच्या हातातली किटली टेबलावर आदळली. "मेली? अशी कशी मेली? पाणी नाही घातलं का कुणी?"

"वाळून गेली सगळी."

"अरेरे," मामा म्हणाले. "बाईंना फार लागलं असेल नाही?"

वैरी एवढा हळहळतो? शिट्टीला जरा नवल वाटलं. विषय बदलावा म्हणून तिनं तेलाच्या डागाकडे बोट दाखवलं. "रोलर कुठेय तुमचा?"

"दुरुस्तीला," मामा म्हणाले, फार चटकन.

तेवढ्यात कोचसर आत आले. संघाचे कोच तेच आणि निवड समितीचे प्रमुखही तेच. उंच, तुटक बोलणारे, सतत घड्याळ बघणारे. "मामा, पाण्याच्या टाकीकडचा गोल? तिथे माझा गोलकीपर परवा उडी मारणार आहे. गेल्या मोसमात त्याच गोलात गुडघा फुटलाय पोराचा. दगडासारखी जमीन, ना गवत ना काही!"

"या वेळी नाही फुटणार," मामा म्हणाले.

"दर वेळी असंच म्हणता. तिथे काय काय लावलंत, एक तरी टिकलं का?" मग शिट्टीकडे वळून कोचसर म्हणाले, "आत्यांचं कळलं. वाईट झालं. पण तहानेच्या परीक्षेसाठी नळ बंद करायला मीच सांगितलं होतं, आणि तुमच्या आत्यांनीच सगळ्यांत आधी हात वर केला होता. शुक्रवारी वाफ्यात दिसेल त्यालाच गुण."

"तो वाफा खोटा आहे सर!"

"मग खरा आणा," कोचसर म्हणाले आणि निघून गेले.

संध्याकाळी शिट्टी पुन्हा त्या मेलेल्या सतरंजीपाशी येऊन बसली. ऊन कलतं झालं होतं, आडवं पडत होतं. आणि त्या आडव्या उन्हात तिला काहीतरी दिसलं. वाळक्या पानांच्या बुडाशी, मातीलगत, पांढरं काहीतरी. तिनं बोटानं धूळ झाडली. पांढरेपणा पुढे सरकला, वळला, आणखी वळला. गोलाचा एक तुकडा झाला, अगदी कंपासनं काढल्यासारखा.

ही रेघ शिट्टी झोपेतही ओळखली असती. रोज तिच्यावर उभी राहायची ती. हा फुटबॉलच्या मैदानाचा कोपरा होता, जिथे झेंडा रोवतात आणि कॉर्नर मारतात!

५

कोपऱ्यातलं गवत नेहमीच सगळ्यात दाट असतं, कारण तिथे कुणी पळतच नाही. हे मैदानवाल्याला माहीत असतं. चोरानं सगळ्यात छान दिसणारं गवत उचललं, वरची रंगलेली पानं कापून टाकली, पण बुडातला रंग राहिला. हिरवं होतं तोवर झाकलं गेलं, वाळल्यावर उघडं पडलं.

शिट्टी पळतच सरावाच्या मैदानावर गेली. तीन कोपऱ्यांत झेंडे होते. चौथ्या कोपऱ्यात झेंडा नव्हता. तिथे उभा होता मामांचा भला मोठा लोखंडी रोलर, दुरुस्तीला गेलेला! तिनं वाकून खाली पाहिलं, तर चाकामागे गवताचा पत्ता नाही, नुसती वाळू भरलेली.

म्हणजे मामा? की कोचसर? सरावाचं मैदान कोचसरांच्याच ताब्यात, किल्ली त्यांच्या खिशात. आणि गोलकीपरच्या गुडघ्याची काळजी त्यांनाच जास्त.

रात्रभर तिच्या डोक्यात दोघं फिरत होते. आत्यानं भाकरीचा तुकडा तिच्या ताटात टाकत विचारलं, "अगं, पण नेली तरी ठेवली कुठे असेल? एवढा गालिचा गुंडाळून ठेवला तर दोन दिवसांत आतून सडतो. त्याला माती हवी, ऊन हवं, पाणी हवं. चिवटी कुठेतरी उघड्यावर आहे शिट्टे, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर!"

बुधवारी शिट्टीनं बागा पाहिल्या, बंगल्यांची अंगणं पाहिली, रोपवाटिका पालथ्या घातल्या. काही नाही. गुरुवारी दुपारी तिला सगळं सोडून काळे कपडे घालावे लागले. फायनल होती, आणि पंच तीच होती.

काय सामना झाला म्हणून सांगू! स्टेडियम खचाखच. मैदानाला सकाळी पाणी दिलेलं, जमीन मऊ. मध्यांतरापर्यंत घड्याळाकडच्या गोलासमोर शेठच्या मखमलीचा पार चिखल झाला, पानं उडून बुटांना चिकटली, दोन्हीकडचे खेळाडू तिथे घसरून पडत होते. शेठ पहिल्या रांगेत बसून रुमालानं कपाळ पुसत होता.

दुसऱ्या डावात खेळ टाकीकडच्या गोलाकडे आला. कोचसरांचा गोलकीपर, तोच, फुटलेल्या गुडघ्याचा, डावीकडे झेपावला, धाडकन पडला, बॉल अडवला आणि उठला. लोक ओरडले. पुन्हा हल्ला झाला, पुन्हा तो झेपावला, पुन्हा उठला. मग कॉर्नर मिळाला आणि शिट्टी येऊन गोलाजवळ उभी राहिली. सगळे खेळाडू ढकलाढकली करत होते, बुटांचे खिळे कचाकचा रुतत होते. आणि तिचं लक्ष गेलं गोलकीपरच्या गुडघ्यांकडे.

गुडघे स्वच्छ होते.

तिनं खाली पाहिलं. गोलासमोर, या खांबापासून त्या खांबापर्यंत, गडद, बारीक पानांचं गवत. त्याच्यावर बूट पडत होता, दाबला जात होता, उचलला जात होता. आणि गवत रागावलेल्या मांजरीसारखी पाठ वर करत होतं!

शिट्टीनं शिट्टी वाजवली.

सगळे थांबले. बॉल हवेतून येऊन कुणाच्या तरी डोक्यावर आपटला. दोन्ही संघ एकमेकांकडे बघायला लागले, कारण कुणी काही केलंच नव्हतं.

"कुणाचा फाऊल, मॅडम?" गोलकीपरनं विचारलं.

"माझा," शिट्टी म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "खेळा, खेळा!" आणि नियमाप्रमाणे बॉल खाली टाकून तिनं खेळ पुन्हा सुरू केला.

६

सामना कोचसरांच्या संघानं जिंकला. टाकीकडच्या गोलात दुसऱ्या डावात एकही बॉल गेला नाही. लोक 'मामा, मामा' करून ओरडत होते, निरोपाचा सामना ना. पण मामा मैदानात आलेच नाहीत. पायऱ्यांखालच्या खोलीत किटलीसमोर बसले होते. शिट्टी आत्याला हाताला धरून आत घेऊन आली.

"मामा, फावडं कुठलं वापरलंत?"

मामांनी वर पाहिलं नाही. "कसं कळलं?"

"जात चोरायची असती तर मूठभर पुरली असती. अख्खा गालिचा नेला, म्हणजे चोराला बियाणं नको होतं, टक्कल झाकायचं होतं. शेठ सुटला. मग उरलात तुम्ही आणि कोचसर. पण नळ बंद करायला कोचसरांनीच सांगितलेलं! कोरड्या वाफ्यात ते नवं गवत कशाला अंथरतील? ते मरणार हे त्यांना माहीत होतं. बंद नळांचं ज्याला ठाऊकच नव्हतं, असा एकच माणूस. बैठकांना न जाणारा. मी चिवटी मेल्याचं सांगितलं तेव्हा सगळ्या गावात तुम्ही एकट्यानंच विचारलंत, पाणी नाही घातलं का कुणी म्हणून!"

मामांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"फायनल झाली की परत नेऊन लावणार होतो," ते म्हणाले. "शपथ. त्या गोलात मी सगळं लावून पाहिलं, बाई. काही टिकत नाही. त्या पोराचा गुडघा माझ्या मैदानात फुटला. शेवटच्या सामन्यात पुन्हा फुटला असता तर मी कुठल्या तोंडानं घरी गेलो असतो? वाटलं, तसंच हिरवं तिकडे दिसत राहील, शुक्रवारी समिती यायच्या आत सगळं जागच्या जागी. ते मरेल असं ध्यानीमनी नव्हतं. मंगळवारपासून घास उतरला नाहीये."

"मग मंगळवारीच का नाही बोललात?" शिट्टीनं विचारलं.

"सामना होऊ दे म्हटलं. आणि भ्यायलो. एवढ्या वर्षांचा मामा, शेवटच्या आठवड्यात चोर."

शिट्टीला वाटलं, आता आत्या ती किटली उचलून ह्यांच्या डोक्यात घालणार. आत्या पुढे गेली. टेबलावर दोन्ही हात टेकले. आणि एकदम हसायलाच लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"खराटा म्हणत होता ना? खराटा?"

"बाई..."

"जगातलं सगळं गवत सोडून चोरायला माझा खराटा सापडला!"

"वाईट आहे असं मी कधी म्हटलं?" मामा तोंडातल्या तोंडात पुटपुटले. "मऊ नाही एवढंच म्हणत होतो."

"उद्या समितीसमोर सांगाल?" शिट्टीनं विचारलं.

मामांनी बाहेरचा 'मामा, मामा' असा ओरडा ऐकला. "सांगितलं तर हे थांबेल," ते म्हणाले.

आत्या शिट्टीला घेऊन बाहेर पडली.

७

शुक्रवारी सकाळी समिती वाफ्यांपाशी जमली. कोचसर पुढे, शेठ अत्तर लावून शेजारी. मामांचा पत्ता नव्हता.

"सातवा वाफा," कोचसर म्हणाले. "रिकामा."

"शून्य," शेठ म्हणाला.

"थांबा!" मागून आवाज आला. मामा येत होते, रोलर ढकलत! घामाघूम झाले होते. रोलर त्यांनी सगळ्यांच्या समोर आणून उभा केला आणि टोपी काढून हातात घेतली.

"हा दुरुस्तीला नव्हता. सरावाच्या मैदानात मी पाडलेलं भोक झाकायला उभा होता. सातव्या वाफ्यातली चिवटी मी चोरली. काल ती टाकीकडच्या गोलात होती. ज्याला बघायची त्यानं जाऊन बघावी. दुसऱ्या गोलात शेठची मखमल आहे, तीही बघावी. दोन्हीकडे त्याच दिवशी, तेच बूट नाचलेत. आजवर मी गवताबद्दल पुष्कळ बडबड केली, पण माणूस टाकाऊ वस्तू चोरत नाही. एवढंच."

कोचसरांनी घड्याळ पाहिलं नाही, पहिल्यांदाच. ते तसेच तडक स्टेडियमकडे निघाले, सगळी समिती मागोमाग. घड्याळाकडचा गोल म्हणजे रेड्यांनी लोळलेलं डबकं. टाकीकडचा गोल, जणू काल तिथे कुणी आलंच नव्हतं! आत्यानं वाकून एक पान तोडलं, नखानं उभं चिरलं आणि मान हलवली. चिवटी.

"हाही सातवाच वाफा. तुडवणीत दहापैकी दहा," कोचसर म्हणाले.

"पण तहान?" शेठ अजून सोडत नव्हता. "इथे पाणी मिळालंय की तिला! तहानेची परीक्षा वाफ्यातच द्यायची. नियम म्हणजे नियम. आणि वाफा रिकामा आहे!"

शेठचं चूक नव्हतं. सगळे पुन्हा वाफ्यांकडे परतले, आणि आत्या सातव्या वाफ्याच्या कडेला बसली, मंगळवारी बसली होती अगदी तिथेच.

मग तिनं हात पुढे केला.

"शिट्टे. इकडे ये."

उघड्या, भेगाळलेल्या, थेंबभर पाण्याविना तापलेल्या मातीतून सुईसारखं काहीतरी वर आलं होतं. शिट्टी आडवीच पडली बघायला. एक टोक. शेजारी दुसरं. पलीकडे आणखी, मग आणखी, सगळ्या वाफ्यात! वरून सोलून नेली, मेलेल्या सतरंजीखाली कोंडली, पाण्याला मोताद केली, आणि सतरंजी बाजूला होऊन ऊन मिळायचा अवकाश, चिवटी खोलवरच्या मुळांवरून आपली आपण उगवून वर आली होती. हिरवीगार. रागावलेली.

कोचसर गुडघ्यावर बसले. बोटानं एक टोक दाबलं, सोडलं. ते टुणकन उभं राहिलं.

"शेठ," ते म्हणाले, "वाफ्यात दिसेल त्याला गुण. बरोबर?"

शेठनं रुमाल खिशात घातला.

"सगळी मैदानं," कोचसर उठत म्हणाले, "चिवटी."

शिट्टीनं खिशातून शिट्टी काढली आणि सामना संपल्यावर वाजवतात तशी लांबलचक वाजवली, दोनदा, तिसऱ्यांदा त्याहून लांब. संकुलातली कबुतरं उडाली. सरावाला आलेल्या पोरांना काय झालं तेच कळेना, पण टाळ्या वाजवायला लागली, आणि त्यांतलंच कुणीतरी ओरडलं, "मामा, मामा!"

मामा रोलरला टेकून मान खाली घालून उभे होते. आत्या त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"निवृत्ती पुढच्या वर्षी," ती म्हणाली. "एवढी मैदानं लावायची आहेत, माणूस कुठून आणू? आणि आधी तो कोपरा भरून द्या, भोक पाडलंय ते."

"कशानं भरू, बाई?"

"खराट्यानं!"

आणि मामा खरंच बसले हो, तिथल्या तिथे, गुडघ्यांवर. सातव्या वाफ्याच्या कडेची एक गाठ हळूच सोडवायला लागले. आत्या कमरेवर हात ठेवून त्यांच्या डोक्यावर उभी. "अलगद! कोवळी आहे ती."

"मला शिकवू नका," मामा म्हणाले. "मी हिला तुमच्याआधी मैदानात उतरवलंय."